वायरमन म्हणतो मोटर, वाइंडर म्हणतो लाइन: जळगाव-भुसावळ पट्ट्यातली मोटर भरण्याची सेवा

जळकी मोटर भरायला, म्हणजे आत नवी तांब्याची तार घालून घ्यायला, कोणत्या दुकानात टाकायची, हा प्रश्न खानदेशात मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत रोज कुणाला तरी पडलेला असतो. रावेर-यावलकडे केळीचं पाणी थांबवून चालत नाही, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना तर अजिबातच नाही. त्यामुळे दुकान घाईत ठरतं: जवळचं, उधारीचं, नाहीतर 'परवा या, देतो' म्हणणारं. हा आढावा त्या घाईच्या आधी वाचून ठेवण्यासाठी आहे.

एका दुकानाचं नाव घेऊन 'इथेच जा' असं लिहिलेलं नाही. या धंद्यात पाटी तीच राहते आणि माणसं बदलतात. चांगला वाइंडर, म्हणजे तार भरणारा कारागीर, समोरच्या गाळ्यात गेला की दुकानाचं कामही त्याच्याबरोबर गेलं. म्हणून जळगाव, भुसावळ, फैजपूर, चोपडा या बाजूला सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारी मोटर) भरून देण्याची जी सेवा मिळते तिचाच हा आढावा आहे: तिच्यात काय चांगलं, काय कच्चं, आणि दुकानात पाऊल टाकल्यावर पाच मिनिटांत ते ओळखायचं कसं.

निकाल आधीच सांगतो. हाताच्या कामाला पाचपैकी साडेचार. माहिती लिहून ठेवणं आणि ती एकमेकांना सांगणं, याला दीड. भरलेली मोटर सहा महिन्यांत परत येते तेव्हा दोष बहुतेक वेळा या दीडमध्ये असतो.

साडेचार कशाला दिले ते पाहा. पाण्याच्या सबमर्सिबलची वाइंडिंग तार साध्या इनॅमलची नसते, पॉलीरॅप असते. तांब्यावर प्लास्टिकची पातळ फीत गुंडाळलेली. मोटरमध्ये आत पाणीच भरलेलं असल्यामुळे तारेच्या अंगावरचं हे कापड शाबूत राहिलं तरच मोटर जगते. जमिनीवरच्या मोटरची कॉइल (तारेचं वेटोळं) फर्म्यावर करून स्लॉटमध्ये (खाचेत) बसवता येते. इथे स्लॉटचं तोंड जवळजवळ बंद असतं, म्हणून एकेक टर्न (वेढा) हाताने या टोकातून घालून त्या टोकातून ओढावा लागतो. स्टॅम्पिंगच्या (स्लॉट असलेल्या लोखंडी पत्र्यांच्या) कडेला बारीकसा बर (धारदार टोक) राहिला, लायनर (स्लॉटमधलं अस्तर) जरा आत सरकला किंवा ओढताना तार कडेवर घासली की फीत कापली जाते आणि डोळ्यांना काही दिसतही नाही. असं असून इथले वाइंडर २४ स्लॉटचं स्टेटर (मोटरचा न फिरणारा भाग) भरतात तेव्हा डोक्याची बाजू (स्लॉटबाहेर येणारी तार) दाबून-बांधून इतकी घट्ट करतात की बोटाने तार हलत नाही. हे कसब खरं आहे, आणि त्याची मजुरी मागितली जाते तेवढी योग्यच आहे.

आता दीडकडे.

मोटर जळते विहिरीत किंवा बोअरमध्ये आणि उघडते दुकानातल्या टेबलावर. या दोन ठिकाणांमध्ये निदान चार माणसं असतात: तिपाई आणि चेनपुली लावून पंप वर काढणारे, स्टार्टर बघणारा वायरमन, तार भरणारा वाइंडर, आणि शाफ्ट (फिरता दांडा) व बुश (तो धरणारं कडं) यांचं काम करणारा लेथवाला. प्रत्येकाला खरी गोष्ट थोडी थोडी माहीत असते. पंप काढणाऱ्याला माहीत असतं की शेवटच्या दोन पाइपांत वाळू होती आणि मोटर गाळात रुतली होती. वायरमनला माहीत असतं की प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) काढून टाकलाय, किंवा तीन फेज नसताना कॅपेसिटर लावून दोन फेजवर मोटर चालवली जाते. वाइंडरला जळलेल्या तारांचा नकाशा दिसतो. लेथवाल्याला बुश कुठल्या बाजूने खाल्लाय ते दिसतं. हे चौघं एका ठिकाणी कधी बोलत नाहीत. मोटरबरोबर दुकानात चिठ्ठी येते ती एवढीच: नाव, गाव, '५ एचपी, जळाली'.

जळालेल्या वाइंडिंगवर किती लिहिलेलं असतं ते एकदा जवळून पाहू. आतून स्टार कनेक्शन असलेली (तीनही फेजचं एकेक टोक आत एकत्र बांधलेली) तीन टोकांची मोटर घ्या. तीनही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील तर तिन्हींत जास्त करंट गेला: लोड जास्त, व्होल्टेज कमी, पंप जाम, किंवा मोटरभोवती गाळ बसून थंडावा बंद. दोन फेज कोळसा आणि तिसरा कोरा असेल तर मोटरच्या बाजूचा एक फेज तुटला होता: फ्यूज, कॉन्टॅक्टरचा (स्टार्टरमधल्या स्विचचा) जळका पॉइंट, किंवा केबलचा एक कोर. आणि एकच फेज पूर्ण जळून बाकीचे दोन बरे असतील तर बोट डीपीकडे (ट्रान्सफॉर्मरकडे) जातं. डीपीवर वरच्या बाजूचा एक डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) उडाला की खाली तीनही तारांत काहीतरी व्होल्टेज राहतं, दिवेही मिणमिणतात, पण मोटरच्या एका फेजमध्ये बाकी दोघांच्या दुप्पट करंट जातो आणि तो एकटा जळतो. डेल्टा मोटरमध्ये (तीनही फेज त्रिकोणात जोडलेल्या) हेच उलट वाचायचं: मोटरच्या बाजूचा फेज तुटला तर एक जळतो, डीओ उडाला तर दोन. फक्त एका जागी काळा डाग, बाकी सगळं ताजं, तर टर्नला टर्न शॉर्ट; तो फीत कापल्याचा किंवा जुन्या तारेचा दोष. आणि तार अगदी नवी दिसते पण मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) शून्य, तर आधी केबलचा जॉइंट उघडा, मोटर नंतर.

हे वाचायला वाइंडरला दोन मिनिटं लागतात, आणि चांगल्या वाइंडरला हे सगळं येतंच. अडचण पुढची आहे. तो ते वाचतो, जळकी तार कापतो, भंगारात टाकतो, आणि वाचलेलं कुणाला सांगत नाही. मोटर नवी होऊन त्याच स्टार्टरवर, त्याच जळक्या पॉइंटवर परत जाते. मग परत येते. शेतकरी म्हणतो दुकान खराब. दुकान म्हणतं लाइन खराब. वायरमन म्हणतो वाइंडिंग खराब. तिघंही अर्धं खरं बोलत असतात.

हे भांडण मिटवायला एक सोपी चाचणी आहे, आणि ती ज्या दुकानाचा माणूस शेतावर येऊन करतो ते दुकान आमच्या मते दहा टक्के जास्त मजुरीच्या लायकीचं. टोंग टेस्टरने (तारेभोवती पकडून करंट मोजणाऱ्या मीटरने) तीनही फेजचा करंट घ्या. समजा १२.०, ९.०, ९.३ आला. सरासरी १०.१, सगळ्यांत लांबचा आकडा १२.०, म्हणजे फरक १.९; १.९ भागिले १०.१, साधारण १९ टक्के. हा फार आहे. पूर्ण लोडवर ५ टक्क्यांच्या आत असावा. आता दोष कोणाचा? सप्लाय बंद करा, स्टार्टरच्या खालची मोटरची तीनही टोकं एकेक घर पुढे सरकवा: पहिलं दुसऱ्याच्या जागी, दुसरं तिसऱ्याच्या, तिसरं पहिल्याच्या. तिन्ही एकदम सरकवली की फिरण्याची दिशा तीच राहते. परत चालवा, परत आकडे घ्या. जास्त करंट मोटरच्या त्याच टोकाबरोबर सरकला तर दोष मोटरचा किंवा केबलचा. तो लाइनच्या त्याच फेजवर राहिला तर दोष सप्लायचा. मोटर आणि लाइन यांच्यात पंच नेमायचा तर तो हाच. एक सूचना मात्र कटाक्षाने पाळा: फक्त दोन टोकं बदलायची नाहीत. तसं केलं की पंप उलटा फिरतो, पाणी कमी फेकतो आणि सगळे आकडे फसवे येतात.

व्होल्टेजमधला थोडा फरक करंटमध्ये मोठा होऊन दिसतो, हेही वायरमन आणि वाइंडर दोघांना एकाच वेळी माहीत हवं. तीन फेजांच्या व्होल्टेजमध्ये १ टक्का तफावत असली तर करंटमध्ये ती ६ ते १० टक्के होऊ शकते. म्हणजे ४१५ मध्ये चार-पाच व्होल्टचा फरक 'चालतं हो' म्हणून सोडून द्यायचा नसतो.

केबलच्या बाबतीत तर इथे सगळ्यांत जास्त पैसे बुडतात. बोअर खोल गेला की पाइप वाढवतात, पण केबल जुनीच जोडून लांबवतात. १० अँपिअर घेणाऱ्या मोटरला २०० मीटर २.५ स्क्वेअर एमएमची सपाट केबल असेल तर तिच्यातच सुमारे २२ व्होल्ट गळतात; ४ स्क्वेअर एमएम घेतली तर साधारण १४. रात्रीच्या सप्लायला डीपीवर ३८० असेल तर खाली मोटरच्या टोकाला ३६० च्या खाली जातं. टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो: व्होल्टेज १० टक्के पडलं की टॉर्क १९ टक्के पडतो. मोटर ओढत राहते, करंट वाढतो, वाइंडिंग तापते. हे पंप काढणाऱ्याला माहीत आहे (केबल किती, कुठे जोडली), पण हिशेब वाइंडरला येतो. दोघं बोलले तर मोटर वाचते.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न म्हणून वही मागा. डेटा वही. या धंद्यातली खरी दौलत तीच, आणि सगळ्यांत जास्त लपवलेली वस्तूही तीच. चांगल्या वहीत एका मोटरची ओळ अशी असते: मेक, एचपी, व्होल्ट, अँपिअर, स्लॉट, कोअरची (लोखंडी गाभ्याची) लांबी, आतला व्यास, पिच (कॉइल कितव्या स्लॉटमधून कितव्या स्लॉटमध्ये जाते), प्रत्येक कॉइलचे टर्न, तारेचा गेज (जाडीचा नंबर; नंबर मोठा तेवढी तार बारीक) आणि किती तारी (एकत्र ओढलेल्या तारा), कनेक्शन, आणि भरल्यावर नो-लोड (रिकामी फिरतानाचा) करंट. उदाहरणार्थ २४ स्लॉट, दोन पोल, पिच १-१०, १-१२. किंवा डाळ मिलची चार पोलची ३६ स्लॉट, पिच १-८, १-१०, १-१२. सगळ्यांत महत्त्वाचा रकाना बहुतेक वह्यांत नसतो: 'हा डेटा मूळ कंपनीचा की आधी कुणी भरलेल्या मोटरचा?'

हा रकाना का हवा ते सांगतो. मोटर पहिल्यांदा जळली तेव्हा कुणी घाईत टर्न कमी भरले. दुसऱ्यांदा जळली तेव्हा दुसऱ्या दुकानाने जळकी कॉइल मोजली, तेवढेच भरले, आणि वहीत 'खात्रीचा' म्हणून लिहून ठेवलं. तिसऱ्या दुकानाने ती ओळ विश्वासाने घेतली. चूक अशी वारसाहक्काने चालत राहते. टर्न ५ टक्के कमी झाले तर लोखंडात फ्लक्स (चुंबकत्वाचा प्रवाह) तेवढाच वाढतो, स्टॅम्पिंग भरून जातं आणि मोटर रिकामी फिरतानाच जास्त करंट घेते. ५ टक्के जास्त झाले तर सुरू होतानाचा जोर साधारण १० टक्के कमी होतो. गाळ असलेल्या पंपाला तेवढा कमी जोर पुरत नाही. दोन्ही बाजूंनी मार. दोन-तीन दुकानांच्या वह्या एकत्र ठेवल्या, आणि तोच व्यास, तीच कोअर लांबी, तेच स्लॉट असलेल्या ओळी शेजारी लिहिल्या, तर असा भरकटलेला आकडा लगेच उघडा पडतो. चार ओळींत सारखे टर्न आणि पाचवीत सहा कमी, तर पाचवी ओळ चूक. एकट्या वहीत हे कधीच दिसत नाही, कारण तुलना करायला दुसरी ओळच नसते.

इथल्या वाइंडरांना वाटतं, डेटा दिला की गिऱ्हाईक गेलं. भीती समजण्यासारखी आहे, पण आकड्याने गिऱ्हाईक जात नाही; पिच आणि टर्न माहीत झाले म्हणून कुणाला पॉलीरॅप ओढता येत नाही. पांझरा नदीकाठी फडाच्या (सामाईक बंधाऱ्याच्या पाण्यावरच्या) बागायतीत पाण्याची पाळी एकट्याच्या डोक्यात ठेवून भागत नसे. पाळी सगळ्यांना माहीत असली तरच बांध टिकायचा. या धंद्यातही ज्या दोन-चार दुकानांनी वह्या आपसात उघड्या केल्या आहेत, त्यांच्याकडे मोटर लवकर तयार होते. क्वचित येणाऱ्या मोटरचा डेटा शोधायला दिवस जात नाही, एक फोन लागतो.

गेजची गोष्ट. बाजारात नेमकी तार नसते तेव्हा 'एक नंबर बारीक टाकली, काही फरक पडत नाही' हे वाक्य ऐकू आलं की मोटर उचलून घ्यावी. २० गेजच्या तारेचं क्षेत्रफळ ०.६५७ चौरस मिलिमीटर, २१ गेजचं ०.५१९. म्हणजे तांबं २१ टक्के कमी, रोध तेवढ्याच टर्नला २७ टक्के जास्त, आणि तारेत जळणारी ऊर्जाही २७ टक्के जास्त. हे सगळं उष्णता होऊन स्लॉटमध्येच बसतं. बदली तार घ्यायचीच तर क्षेत्रफळ जुळवून घ्या: १८ गेज (१.१६७) नसेल तर २२ च्या तीन तारी मिळून १.१९१ होतात, जवळजवळ तेवढंच. २१ च्या दोन तारी मात्र १.०३८, म्हणजे ११ टक्के कमी. हे कोष्टक भिंतीवर चिकटवलेलं आहे का, हे बघा. चिकटवलेलं असेल तर नवा पोरगाही चुकत नाही. मालकाच्या डोक्यात असेल तर मालक जेवायला गेला की चूक होते. पॉलीरॅपमध्ये एक जादा सावधगिरी: तीन बारीक तारींवर तीन वेळा फीत असते, त्यामुळे तांबं तेवढंच असलं तरी स्लॉटमध्ये जागा जास्त लागते. आधी एक स्लॉट भरून बघायचा, मग पुढचे.

लेथच्या कामाला दुकानं फार कमी लक्ष देतात, आणि हे आढाव्यातलं दुसरं मोठं वजा. रोटर (आतला फिरणारा भाग) स्टेटरला घासलेला असेल तर घासण्याच्या खुणेवरून कारण कळतं. स्टेटरवर एकाच बाजूला घासलंय आणि रोटरवर सगळीकडे गोल, तर बुश खाल्लाय. रोटरवर एकाच जागी आणि स्टेटरवर सगळीकडे, तर शाफ्ट वाकलाय. पहिल्यात नवा बुश पुरतो. दुसऱ्यात नवा बुश टाकला तर तो महिनाभरात खाल्ला जाणार. हे वाइंडरच्या टेबलावर दिसतं, पण काम लेथवर आहे, आणि लेथ बहुतेक वेळा दुसऱ्या गल्लीत. मधला निरोप 'बुश टाक' एवढाच जातो. चांगल्या दुकानाची साधी सवय: रोटर आणि स्टेटर दोन्ही लेथवाल्याला एकत्र दाखवायचे, खुणेवर खडूने गोल करून.

थ्रस्ट बेअरिंगचंही तसंच. पंपाचा सगळा खालचा दाब त्यावर असतो. ते झिजलं की रोटर खाली उतरतो, पंपाचे इम्पेलर (पाणी फेकणारी चक्रं) घासतात, करंट वाढतो, आणि शेवटी दोष 'वाइंडिंग जळाली' म्हणून वाइंडरच्या नावावर लागतो. वाळू येणाऱ्या बोअरला थ्रस्ट आधी संपतं. ते पंप काढणाऱ्याने सांगितलं असेल तर भरताना थ्रस्टही बघितलं जाईल.

जमिनीवरच्या मोटरींचं, म्हणजे एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यांच्या आणि डाळ मिलच्या, काम या पट्ट्यात बरं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. एकच मोठा दोष सांगायला हवा: जुनी तार काढायला उघड्या आगीवर स्टेटर भाजणं. स्टॅम्पिंगच्या पत्र्यांमधला पातळ थर साधारण ३६० अंशांच्या वर खराब व्हायला लागतो. मग पत्रे आपसात जोडले जातात आणि कोअरचा तोटा (लोखंडात वाया जाणारी वीज) कायमचा वाढतो. तार कितीही चांगली भरा, मोटर गरमच राहते. भट्टीला थर्मामीटर आहे का, विचारा. मोटर ड्राइव्हवर (वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर) चालणार असेल तर तेही आधीच सांगा, कारण तार वेगळी लागते. 'एफ' क्लासची, म्हणजे १५५ अंशांची इन्सुलेशन मागून घ्या, आणि वॉर्निश नुसतं ब्रशने फासून उन्हात ठेवलेलं नको, भट्टीत भाजलेलं हवं. मे महिन्याचं ऊन कितीही कडक असलं तरी ते भट्टी नव्हे.

सबमर्सिबलच्या चाचणीत मात्र दुकानं सवलत घेतात. भरलेलं स्टेटर निदान १२ तास पाण्यात बुडवून ठेवायचं, आणि पाण्यात असतानाच ५०० व्होल्टच्या मेगरने बघायचं. कोरड्या स्टेटरवर मेगर शंभर दाखवतो, त्याला काही अर्थ नाही. फीत कुठे कापली आहे का ते पाणी सांगतं. पाण्यातही काटा वरच राहिला पाहिजे. १ मेगाओहम म्हणजे जुन्या, वापरलेल्या मोटरची शेवटची पायरी. ताज्या भरलेल्या मोटरला 'एक येतोय, चालेल' असं म्हणत असतील तर पुन्हा उघडायला सांगा. तीनही फेजचा रोध ओहममध्ये मोजून सारखा आहे का तेही तेव्हाच बघायचं. हाय व्होल्टेज चाचणीचा नियम ठरलेला आहे, व्होल्टेजच्या दुप्पट अधिक १०००, म्हणजे ४१५ ला १८३० व्होल्ट. छोट्या दुकानांत हे यंत्र नसतं. इथेही सामाईक उपाय आहे: एका गल्लीतल्या चार दुकानांनी मिळून एक यंत्र घ्यायचं. ज्यांनी असं केलंय तिथे स्टेटर हातगाडीवरून चाचणीला जाताना दिसतात, आणि आमच्या दृष्टीने ती चांगल्या गल्लीची खूण आहे.

मोटरच्या आत पाणी भरणं हे काम शेवटी पोरावर सोपवलं जातं. ते तसं सोपवण्यासारखं नाही. मोटर उभी ठेवून स्वच्छ गोडं पाणी भरायचं, बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू हलवायची, मग काही तास तशीच ठेवून परत वरपर्यंत भरायची. घाईत भरलं की वरच्या बाजूला हवा अडकते, वरचा बुश कोरडा फिरतो आणि पहिल्याच आठवड्यात खराब होतो. बोअरचं खारं पाणी भरू नका. आणि हे काम दुकानात झालं की शेतावर, हे चिठ्ठीवर लिहिलेलं असावं. नाहीतर दुकानाला वाटतं शेतावर भरतील, शेतावरच्यांना वाटतं दुकानातून भरून आलीय.

मोठ्या विहिरीत सबमर्सिबल सोडणाऱ्यांसाठी: बोअरमध्ये पाणी मोटरच्या अंगावरून वर जातं म्हणून ती थंड राहते. उघड्या विहिरीत पाणी थेट जाळीत जातं, मोटरभोवतीचं पाणी हलत नाही. तिथे मोटरवर जॅकेट (पाणी तिच्या अंगावरून नेणारं नळीसारखं कवच) हवं. हे वाइंडरला माहीत असतं, पण मोटर विहिरीत जाणार की बोअरमध्ये हे त्याला कुणी सांगत नाही.

बिल बघताना घासाघीस मजुरीवर करू नका, तांब्यावर करा. जुनी जळकी तार तुमची आहे. तिचं वजन तुमच्यासमोर व्हावं आणि नव्या तारेचंही. नवी तार जुन्यापेक्षा बरीच हलकी निघाली तर एक तर गेज बारीक आहे किंवा टर्न कमी. पॉलीरॅपमध्ये फितीचं वजन आणि जुन्या जळक्या तारेची झालेली घट, दोन्ही लक्षात घ्या. वेगवेगळ्या वर्षांच्या मोटरींच्या वजनाची नोंद वहीत असेल तर हा वाद दोन वाक्यांत संपतो. मोटर तयार होईपर्यंत बदली मोटर देणारं दुकान असेल तर केळीवाल्याने तेच घ्यावं. बदली मोटर घरी असली की वाइंडरवर घाई येत नाही, आणि १२ तास पाण्यात ठेवायला त्याला वेळ मिळतो.

मोटर घेताना एक कार्ड मागा. छापील नसेल तर साध्या पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर लिहून घ्या. त्यावर चार माणसांच्या चार ओळी: पंप काढणाऱ्याची (खोली, पाण्याची पातळी, वाळू आहे का, केबल किती आणि कुठे जोडली), वाइंडरची (काय जळालं, म्हणजे कारण काय, टर्न आणि गेज किती भरला, पाण्यातला मेगर), लेथवाल्याची (बुश, शाफ्ट, थ्रस्ट) आणि वायरमनची (रिले, म्हणजे जास्त करंटला मोटर बंद करणारं यंत्र, कितीवर लावला, तीन फेजचं व्होल्टेज). रिले लावताना एक चूक फार होते. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या मार्गात बसलेला असेल तर त्यावर पूर्ण करंट लावायचा नसतो, ०.५८ पट लावायचा असतो. १५ अँपिअरच्या मोटरला साधारण ८.७. तिथे १५ लावला की रिले असून नसल्यासारखा.

मोटर खाली सोडून पाणी यायला लागलं की दहा मिनिटांनी तीनही फेजचा करंट आणि व्होल्टेज घ्या, स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह मार्करने लिहा, आणि तेच सहा आकडे दुकानात कळवा. वाइंडरने ते वहीत त्याच मोटरच्या ओळीपुढे लिहिले की नाही, हे पुढच्या वेळी त्या बाजूला गेल्यावर वही उघडून बघा.